गवा म्हणा, गवारेडा नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर बातमी आली, "उसात गवारेड्याचा धुमाकूळ". बातमी आमच्याच तालुक्यातली म्हणून चहा गार होईपर्यंत वाचली. मथळ्यात गवारेडा, पहिल्या ओळीत रानरेडा, मधे कुठंतरी बायसन, आणि शेवटाला वनखात्याच्या साहेबांच्या तोंडी एकदाच काय तो गवा. एका जनावराची एका बातमीत चार नावं. आणि फोटो कुणाचा तर दाढीवाला, मानेवर ही एवढी आयाळ, मागं सगळा बर्फ! शिराळ्यात बर्फ कधी पडला ते आधी कळवलं असतंत तर पेटीतले स्वेटर तरी काढून ठेवले असते. असो, चेष्टा पुरे, पण पत्र मात्र मी सिरीयसली लिहितोय.

आधी माझं सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण आलाय शिकवायला. मी काही प्राणीशास्त्राचा प्राध्यापक नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, सगळी वर्षं वारणेच्या खोऱ्यात आणि थोडी पाटणकडं, आता रिटायर. गोठवलेल्या रेताचा नायट्रोजनचा कंटेनर एम-८० ला बांधून गावोगाव फिरायचं, गाय माजावर आली की कृत्रिम रेतनाचं इंजेक्शन भरायचं, म्हैस अडली की हात घालायचा, पावसाळ्याच्या आधी टोचण्या. त्यामुळं गाय आणि म्हैस ह्या दोन जातींत कुठं साम्य आहे आणि कुठं अजिबात नाही हे मला पुस्तकातून कमी आणि गोठ्यातून जास्त कळलंय, आणि म्हणूनच तो गवारेडा शब्द डोळ्यात खुपतो. कारण गवा वेगळा, रेडा वेगळा. दोघांना एकत्र बांधून एक नाव करणं म्हणजे मेंढीबोकड म्हणण्यासारखं आहे.

आता बघा, कुठल्याही गोठ्यातल्या माणसाला विचारा, गाय किती दिवस गाभण राहते, तो सांगणार नऊ महिने नऊ दिवस. म्हैस? दहा महिने दहा दिवस. हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांनाही पाठ असतं. मग गव्याची मादी किती दिवसांनी विते? साधारण नऊ महिने, गाईसारखीच. आणि रानम्हैस, म्हणजे खरी जंगली म्हैस, ती घेते दहा ते अकरा महिने. इथंच निम्मा निकाल लागला ना साहेब? गवा गाईच्या घरातला, रानरेडा म्हशीच्या घरातला.

शास्त्रवाले ह्याचं वर्गीकरण करतात ते मला आमच्या भावकीसारखं वाटतं. बोव्हिडी नावाचं मोठं गाव समजा, त्यात शेळ्या-मेंढ्या, काळवीट, नीलगाय, गाई-म्हशी सगळे राहतात. त्या गावात बोव्हिनी नावाची एक भावकी. ह्या भावकीत गाय पण आहे, म्हैस पण आहे, गवा पण आहे. इथपर्यंत सगळे एका देव्हाऱ्याचे. पण पुढं घरं वेगळी झाली ती फार फार वर्षांपूर्वी. गाईच्या घराचं नाव बॉस, गव्याचं शास्त्रीय नाव बॉस गॉरस, म्हणजे आडनाव गाईचं. आणि म्हशीच्या घराचं नाव ब्युबॅलस, रानम्हैस ती ब्युबॅलस अर्नी, आणि तिच्यापासूनच माणसानं पाळून आणलेली आपली गोठ्यातली म्हैस. आता वेगळ्या घरातल्या माणसाला दुसऱ्या घराचं आडनाव लावलं तर तलाठी तरी ऐकून घेईल का?

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगायची तर गुणसूत्रं. गाईची ६०, आपल्याकडच्या गव्याची ५८, आपल्या म्हशीची ५०. म्हणून गाय आणि रेडा ह्यांचं जमतच नाही, कितीही खटपट करा वासरू होत नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात सांगितलेलं (तरी एका गावात एक मालक माझ्याशी पैज लावून बसला होता, ते राहू दे). गाय आणि गवा ह्यांचं मात्र जमतं. ईशान्येकडं अरुणाचल, नागालँडमध्ये मिथुन नावाचं जनावर पाळतात ते गव्याचंच पाळीव रूप, आणि त्याचा गाईशी संकर तिकडं लोक कधीपासून करतायत. २००१ साली अमेरिकेत आयोवा राज्यात तर एका साध्या गाईच्या पोटी क्लोन केलेलं गव्याचं वासरू जन्माला घातलं, नोआ नाव ठेवलं होतं, दोन दिवसांत जुलाब होऊन गेलं बिचारं. पण गाईनं गव्याचं पिल्लू पूर्ण दिवस पोटात वागवलं हे महत्त्वाचं. म्हशीनं वागवलं असतं का? माझ्या अनुभवाला तरी पटत नाही.

आमच्या शेजारी एक संस्कृतचे निवृत्त मास्तर आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणाले अहो न्यायदर्शनात उपमान, म्हणजे साम्यावरनं ओळखणं, शिकवताना उदाहरणच गव्याचं देतात. एकानं गवय कधी पाहिलेला नाही, त्याला कुणीतरी सांगतं की गवय गाईसारखा असतो, मग तो रानात जातो, गाईसारखं जनावर दिसतं आणि तो ओळखतो की हाच गवय. आता गवय म्हणजे नक्की गवा का मिथुन का नीलगाय ह्यावर पंडितांत वाद आहेत म्हणे, तो त्यांचा त्यांनी मिटवावा, पण जुन्या लोकांनी "गाईसारखा" म्हटलंय, "रेड्यासारखा" नाही म्हटलं. आणि आपण मोबाईलच्या जमान्यात उलटे चाललोय.

दिसण्यातला फरक तर लांबनं कळतो. मणदूरच्या रस्त्याला एकदा पहाटे मी एक मोठा नर बघितलाय, रस्त्यात आडवा उभा, मी गाडी बंद केली ती भीतीनंच. धुकं होतं आणि त्यात आधी दिसले ते चार पांढरे पाय, म्हणजे गुडघ्यापासून खाली जसे शाळेच्या पोरांनी मोजे घातलेत. मग वरचं काळं धूड दिसायला लागलं. वशिंड म्हणावं तर बैलासारखं खांद्यावर थांबत नाही, पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा जातो आणि तिथं एकदम पायरी उतरल्यासारखा खाली. रेड्याला कुठाय वशिंड? गळ्याखाली पोळी, म्हणजे लोंबती कातडी. कपाळावर दोन शिंगांच्या मधे फुगलेला फिकट उंचवटा, आणि शिंगं बुडाला पिवळसर, टोकाला काळी, वर जाऊन आत वळलेली. म्हशीची शिंगं चपटी तिधारी, मागं जातात, आपली पंढरपुरी बघा की, खांद्याच्या मागं जातात तिची शिंगं. रानम्हशीची तर त्याहून मोठी, जिवंत असलेल्या गाई-म्हशींच्या सगळ्या भावकीत सगळ्यात रुंद पसारा तिच्याच शिंगांचा. तर तो नर तसाच आडवा उभा. माझ्यामागं एक म्हातारा गडी बसलेला, त्याच्या गाईलाच बघून आम्ही येत होतो, तो कानात म्हणाला, "आडवा झालाय म्हंजी अंग दाखवतोय, डाक्टर, गप मागं सरा." नंतर कधीतरी वाचलं की खरंच गव्याची ती पद्धत आहे, समोरच्याला कुशी दाखवून मी केवढा मोठा आहे बघ असं सांगतो, बऱ्याचदा त्यावरच भागतं. आम्ही गाडी ढकलत मागं नेली, आणि तो फुर्रकन नाकातनं शिट्टीसारखा आवाज काढून कारवीच्या झुडपांत उतरला. एक टन वजनाचं जनावर, पण पाचोळा वाजला नाही.

आता राहण्याचं. म्हशीला पाणी आणि चिखल लागतो हे काय सांगायचं, उन्हाळ्यात दुपारी वारणेत बघा, नुसती शिंगं आणि नाकं वर. तिला घाम फारसा येत नाही म्हणून ती डुंबते. रानम्हैस पण तशीच, नदीकाठची पाणथळ गवताळ रानं तिला लागतात. म्हणून ती आसामात काझीरंगा, मानससारख्या ठिकाणी जास्त. मध्य भारतात छत्तीसगडमध्ये थोडी, तिथला तो राज्यप्राणी आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात? आहे, पण आपल्याकडं नाही. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत, सिरोंचाच्या बाजूला कोलामार्का, तिथं थोड्या उरल्यात आणि त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र केलंय. म्हणजे आपल्या बातमीप्रमाणं शिराळ्यात "रानरेडा" खरंच आला असता तर तो सगळा महाराष्ट्र आडवा चालून आला असता, आणि ती बातमी पहिल्या पानावर पाहिजे होती साहेब, आत नाही!

गवा डुंबत नाही. त्याला डोंगर, झाडी, बांबू, मधे मधे गवताचे पट्टे आणि प्यायला पाणी लागतं. म्हणून सह्याद्री त्याचं घर. महाबळेश्वर, कोयना, बामणोली, चांदोली, खाली राधानगरी दाजीपूर. चांदोलीत तर धरण आणि अभयारण्यामुळं जी गावं उठली त्यांची जुनी शेतं आता गवताची माळं झालीत, त्यावर गव्यांचे कळप चरतात. त्या गावातली माणसं पुनर्वसनात लांब कुठंतरी, आणि त्यांच्या बांधावर गवे. ह्यात चांगलं काय वाईट काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही, त्यातली दोन-तीन घरं माझी ओळखीची होती. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, ११६५ चौरस किलोमीटर, सातारा सांगली कोल्हापूर रत्नागिरी चार जिल्ह्यांत. वाघासाठी प्रकल्प म्हणतात पण वाघानं खायचं काय, तर हाच गवा आणि सांबर.

आणि बायसन कुठनं आला? तो इंग्रज शिकाऱ्यांनी आणला. त्यांना आपलं जनावर बघून त्यांच्याकडच्या पुस्तकातला बायसन आठवला, म्हणून इंडियन बायसन म्हणाले आणि नाव चिकटलं. राधानगरीला १९५८ साली राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं त्याला पण लोक अजून बायसन अभयारण्य म्हणतात, सहलीच्या बसवर सुद्धा तसंच लिहिलेलं असतं. खरा बायसन अमेरिकेत, तुमच्या फोटोतला तोच. त्याची वेगळीच कहाणी, एकेकाळी कोट्यवधी होते, एकोणिसाव्या शतकात बंदुकांनी हजाराच्या आसपास आणून ठेवले, मग राखले तेव्हा पुन्हा वाढले, २०१६ पासून तो अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी आहे. त्याचा आपल्या उसाशी संबंध नाही.

तुम्ही म्हणाल नावात काय आहे, शेतकऱ्याचा ऊस गेला तो गेला, खाणाऱ्याचं आडनाव विचारून काय करायचं? बरोबर आहे. माझ्या मेव्हण्याचं भात दोन वर्षं गव्यांनी तुडवलंय, पंचनाम्याला कागद घेऊन हेलपाटे मी स्वतः त्याच्याबरोबर मारलेत, त्यामुळं शेतकऱ्याला गवे आवडत नाहीत ह्यात त्याची काही चूक नाही. पण नावानं फरक पडतो, कसा ते सांगतो.

एक म्हणजे रेडा म्हटलं की माणसाला काय वाटतं, कुणाचातरी सुटलेला माजलेला रेडा. मालक नसलेला. मग काठ्या घेऊन हाकलायला जायचं, दगड मारायचे, पोरं व्हिडिओ काढणार. वर धुमाकूळ, पिसाळलेला, थैमान असले शब्द. रेडा म्हणजे यमाचं वाहन, माउलींनी वेद वदवले तो सोडला तर रेड्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला गवा शिरला तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. शेकडो माणसं मागं, जनावर भिंती ओलांडून पळतंय, तोंडाला फेस, शेवटी पकडलं आणि मेलं. गाई-बैलांतही बघितलंय मी, भेदरून पळालेलं जनावर उभ्या उभ्या कोसळतं, अंगातली उष्णता चढते, स्नायू जातात, मग तुमचं इंजेक्शन काय करणार. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत त्याच पुण्यात बावधनच्या बाजूला दुसरा गवा आला, तिथं गर्दी आवरली आणि तो परत जंगलाकडं गेला. आपल्या सांगलीत डिसेंबर २०२१ ला मार्केट यार्डात शिरलेला आठवतोय ना? हळदीच्या सौद्याच्या जागेत गवा! तो वनखात्यानं पकडून नेला, आणि मला आठवतंय तेव्हाही माझ्या व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये सगळे "रेडा आलाय रेडा" म्हणूनच पाठवत होते.

दुसरं कायद्याचं. गवा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मारला तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, शिवाय दंड. रानम्हैस पण त्याच अनुसूचीत. पण पेपरात रेडा रेडा वाचून कुणी शेताच्या तारेत करंट सोडला आणि गवा मेला तर कोर्टात "साहेब, मला रेडा वाटला" हे चालणार नाही, आत जाईल तो गरीबच.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोघांवरचं संकट वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत, ती आययूसीएनची, गवा "असुरक्षित" ह्या खान्यात आणि रानम्हैस त्याच्या वरच्या, "संकटग्रस्त" खान्यात. दोघेही १९८६ पासून तिथंच. जगात रानम्हशी चार हजाराच्या आत उरल्यात आणि त्यातल्या बहुतेक आपल्याच देशात. गव्यांची संख्या त्यापेक्षा बरी आणि त्यातही सगळ्यात जास्त भारतात, तिकडं व्हिएतनाम, कंबोडियाकडं शिकारीनं पार वाट लागलीय. रानम्हशीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण माहितीय? बंदूक नाही, गावातला रेडा! गावच्या म्हशी रानात चरायला जातात, तिकडं संकर होतो, आणि दोन-चार पिढ्यांत शुद्ध रक्ताची रानम्हैस कुठली आणि पाळीव कुठली कळेनासं होतं. म्हणून तिकडं गावची म्हैस रानापासून लांब ठेवणं हा उपाय.

आपल्या गव्याला ती भीती जवळपास नाहीच, गावचे बैल काही चांदोलीत जाऊन गव्याशी सोयरीक करत नाहीत. त्याला भीती दोन गोष्टींची, एक जंगलाचे तुकडे, मधे रस्ते, रिसॉर्ट, पवनचक्क्या, कुंपणं, म्हणून तो वाट चुकून उसात येतो. आणि दुसरी जनावरांचे रोग. गाईच्या भावकीतला म्हणून गाईचे रोग त्याला होतात, लाळ्या खुरकूत होतो. १९६८ साली बंडीपूर, मुदुमलाईच्या जंगलात बुळकांडीनं गवे पटापट मेले होते. बुळकांडी म्हणजे काय हे आताच्या पोरांना माहीत नाही आणि नसलेलंच बरं, गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आम्ही त्याच्या टोचण्या केल्यात, डोंगराच्या वाड्यांवर चालत जाऊन, बर्फाच्या थर्मासमध्ये लस घेऊन. २००६ ला देश त्यातनं मुक्त झाला, २०११ ला जग. तेव्हा आम्हाला वाटायचं आपण शेतकऱ्याच्या गाई वाचवतोय. वरच्या रानात गवे पण वाचत होते हे मला रिटायर झाल्यावर कळलं, एका वनरक्षकानं सांगितलं, आणि खरं सांगतो त्या दिवशी जेवण गोड लागलं.

म्हणून जंगलालगतच्या गावांत लाळ्या खुरकूताचं लसीकरण शंभर टक्के झालंच पाहिजे, त्यात आपण कमी पडतो हे मी माझ्याच खात्याचा माणूस असून लिहितोय. पेपरनं हे छापावं. गवा म्हशीचा भाऊ समजलात तर हा मुद्दा तुमच्या डोक्यातच येणार नाही.

आमच्या बत्तीस शिराळ्यात पोरगं चालायला लागलं की त्याला नाग आणि धामण ह्यातला फरक कळतो. धामणीला नाग म्हटलं तर आजी कान धरते. आणि पेपर मात्र बिबट्याला चित्ता लिहितो (ते पण आहेच, त्यावर दुसरं पत्र लिहीन), गव्याला गवारेडा. आपल्याकडं दोन अक्षरांचा सुटसुटीत, जुना, बरोबर शब्द आहे. मथळ्यात जागा पण कमी लागते.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
ता. शिराळा, जि. सांगली

ता. क. फोटोचं म्हणाल तर इंटरनेटवरनं बर्फातला काढू नका. वारणावतीच्या बाजूच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, चार पोरांच्या मोबाईलमध्ये पांढऱ्या मोज्यासकट गवे निघतील, फुकट देतील, फक्त फोटोखाली गावाचं नाव बरोबर छापा म्हणजे झालं.